थॉर्नबी साहेबाची लेक

१

गुणाबाईची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला नांदेडला माहेरी आली आणि करीच्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं, म्हणून घरातल्या बायांनी तिला दुपारभर पलंगावर सरळ निजवून ठेवलं, ते साल दोन हजार दहा. त्याच रात्री पोरगी झाली. बारशाच्या दिवशी, पाळण्याला फुगे बांधून व्हायच्या आत, लातूरहून फोन आला.

"गुणाबाई, सुलतानबी बोलती. घरात चोरी झाली."

गुणाबाई पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेली बाई. चोरी म्हटलं की तिचा आवाज अजूनही आपोआप सरकारी व्हायचा.

"पोलिसात दिलं का?"

"मास्तर देऊ देईनात. म्हणतात, घरातली गोष्ट घरात."

"काय गेलं?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग सुलतानबी म्हणाली, "एमली गेली."

गुणाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. सुलतानबीला ती भूकंपाच्या बंदोबस्तापासून ओळखत होती. तिला एक मुलगा होता, मुज्तबा. एक मुलगी होती, सदफ. किल्लारीजवळच्या आजोळी गेलेली ती नऊ वर्षांची पोर घराखाली सापडली, आणि ढिगाऱ्यातून निघालेल्या एवढ्या देहांत तिचा कोणता हे कुणाला सांगता आलं नाही. आईला माती द्यायलासुद्धा मिळालं नाही.

एमली नावाचं त्या घरात कधी कुणी नव्हतं.

२

लातूरच्या बसस्थानकावरून गुणाबाई ऑटोनं निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासच्या पाट्या, आणि पाट्यांवर निवडणुकीला उभे राहिल्यासारखे पोरापोरींचे फोटो. भूकंपानंतर याच गावात लोक वर्ष-वर्ष छताखाली झोपायला भ्यायचे. आता मजल्यावर मजले चढले होते, आणि प्रत्येक मजल्यावर पोरं खाली मान घालून पाठ करत होती.

निजामोद्दीन मास्तरांचं घरही वाढलं होतं. वर मुज्तबानं मुलींचं वसतिगृह काढलं होतं. पण अंगणात एका कोपऱ्याला पत्र्याची खोली तशीच होती. सुलतानबी तिथंच झोपायची. सिमेंटच्या छताखाली त्या भूकंपानंतर तिनं पाठ टेकली नव्हती.

"या गुणाबाई," मास्तर उठून म्हणाले. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. "उगीच त्रास दिला हिनं तुम्हाला. बारसं टाकून आलात."

"पोरीचं नाव ठेवून आले. तुम्ही बसा मास्तर. काय गेलं ते आधी मला नीट सांगा."

सांगितलं मुज्तबानं. मास्तरांच्या पणजोबांच्या वेळची गोष्ट. थॉर्नबी नावाचा एक विलायती साहेब, ताऱ्यांचा अभ्यास करणारा, खग्रास ग्रहण पाहायला निजामाच्या मुलखात कृष्णेच्या काठी तंबू ठोकून राहिला होता. पणजोबा, मुन्शी करीमोद्दीन, साहेबाजवळ घड्याळ धरून उभे होते आणि मोठ्यानं वेळ सांगत होते. साहेब विलायतेला परत गेला, पण मुन्शींना म्हातारपणापर्यंत पत्रं लिहीत राहिला. साहेब वारल्यावर मुन्शींची पत्रंही त्याच्या घरच्यांनी परत पाठवून दिली. दोन्हीकडचा कागद असा एकाच लाल फडक्याच्या बस्त्यात बांधलेला, आणि बस्ता सुलतानबीच्या पत्र्याच्या खोलीत, पेटीत.

"प्रजासत्ताक दिनाला हैदराबादचे प्रोफेसर आले बघायला," मुज्तबा म्हणाला. "साहेबाची बाकीची पत्रं विलायतेत जाऊन वाचून आलेला माणूस. अब्बांनी पेटी उघडली. प्रोफेसरांनी गाठ सोडली. आत काय? झेरॉक्स."

"कसली?"

"क्लासच्या नोट्स. तेवढ्याच जाडीचा गठ्ठा. आणि मधल्या एका पानावर हिरव्या शाईत नाव. ऋतुजा."

ऋतुजा वरच्या मजल्यावर राहणारी, चाकूरकडच्या आप्पासाहेबांची मुलगी. दुसऱ्यांदा सीईटीला बसणार होती.

"ग्रहणाच्या सकाळी अब्बांनी तिला साहेबानं काढलेलं ग्रहणाचं चित्र दाखवलं. तेव्हा बस्ता होता. त्यानंतर आम्ही सगळे बाहेर. जुम्माही होता आणि ग्रहणाची नमाजही. अम्मी नमाजेला शेजारी काकीकडं. वरच्या पोरी क्लासला. ही एकटी घरात. आईनं फोन करून सांगितलं होतं म्हणे, ग्रहणात बाहेर पडू नको. त्या दिवसानंतर अम्मी त्या खोलीच्या दारातून हललेली न्हाई. मंग सांगा तुम्ही."

"पोरगी काय म्हणती?"

"काहीच म्हणत न्हाई! हो न्हाई, न्हाई न्हाई. मी तिच्या बापाला फोन केलाय. उद्या सकाळी येऊन राहिलेत. त्यांना मुरुडचं एक स्थळ आलेलंच होतं. सामान बांधायला सांगितलंय तिला."

गुणाबाईनं वर पाहिलं. जिन्याच्या कठड्याला धरून एक पोरगी उभी होती. नजर गुणाबाईकडं नव्हती, मुज्तबाकडंही नव्हती. ती मास्तरांकडं बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता. आजारी माणसाकडं बघावं तसं ती बघत होती.

३

"मी पोलीस होते, आता आजी हाय," गुणाबाई ऋतुजाच्या कॉटवर बसत म्हणाली. "त्यामुळं मारणार न्हाई. पेढा खा. बारशाचा हाय."

पोरीनं पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"तू घेतलास बस्ता?"

ऋतुजा खिडकीकडं बघत राहिली.

"घेतला असता तर स्वतःचं नाव आत ठेवलं असतंस का? एवढी ढ दिसत न्हाईस."

"दुसऱ्यांदा सीईटीला बसतेय आजी. ढच आहे."

गुणाबाई हसली. पोरगीही हसणार होती, पण थांबली.

"नोट्स तुझ्याच?"

"हो. मागच्या वर्षीच्या. सगळ्याजणींची रद्दी मागच्या जिन्याखाली असते. कुणीही घेईल."

"मंग हे मुज्तबाला कामून सांगितलं न्हाईस?"

तिनं पेढा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"बरं, ती पत्रं तू वाचलीस?"

"सर दाखवायचे कधीकधी. मला ते जुनं वळणदार अक्षर हळूहळू लागायला लागलं होतं."

"काय होतं त्यात?"

"शुक्र. शनीची कडी. दुर्बिणीच्या काचेला ओल धरते, तिला काय लावायचं. पावसाची तक्रार." ती जरा खुलली. मग एकदम सावध झाली. "आणि… बाकीचं."

"बाकीचं म्हंजी?"

"घरचं."

"घरचं काय?"

ऋतुजानं पेढा कागदात गुंडाळला. "मला माहिती नाही. आजी, मी उद्या जाते घरी. मला जाऊ द्या. विषय संपेल."

"लगीन करशील?"

तिचे डोळे भरून आले, पण ती म्हणाली, "करीन."

गुणाबाईनं खात्यात पुष्कळ चोर पाहिले होते. केलेलं नाकारणारे पाहिले होते, न केलेलं मारापायी कबूल करणारेही पाहिले होते. पण न केलेलं कुणासाठी तरी अंगावर घेणारं माणूस वेगळंच दिसतं. ते आपल्याकडं बघत नाही. ज्याला वाचवायचंय, तो कुठं बसलाय तिकडं त्याचं लक्ष असतं.

खाली अंगणात मास्तर आणि सुलतानबी शेजारी शेजारी बसले होते. या दोघांत कोणासाठी?

४

रामलिंग सरांचा क्लास दोन गल्ल्या सोडून होता. त्यांनी मागं एकदा मास्तरांकडं पत्रं मागितली होती, हे मुज्तबानंच सांगितलं होतं.

"मागितली, हाव! काचेत लावणार होतो," रामलिंग सर खुर्चीत मागं रेलून म्हणाले. "खाली लिहिणार होतो, शुक्रापासून सीईटीपर्यंत. मास्तर हसले. म्हणाले, रामलिंग, माझ्याच शाळेत तू सातवीत नापास झाला होतास ते पण काचेत लाव."

"राग आला असंल."

"आला की. पण गुरू हायेत. त्यांचा राग करून जाणार कुठं?"

"ग्रहणाच्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"पोरांना पडद्यावर ग्रहण दाखवून राहिलो होतो. त्याआधी मास्तरांच्या घरी गेलो होतो, ते काळे चष्मे द्यायला. फाटकातून हाका मारल्या, वरून त्या चाकूरच्या पोरीनं सांगितलं, सर आत्ताच मशिदीत गेले. वळलो तर मास्तर गल्लीच्या टोकाला दिसले. ओझ्यानं खांदा पार वाकडा झालेला."

"कसलं ओझं?"

"कापडी पिशवी होती. मी म्हटलं, एवढं काय घेऊन चाललेत नमाजेला, दगड?" ते स्वतःच्या विनोदावर हसले.

गुणाबाई हसली नाही. परत येताना तिनं मुज्तबाला गाठलं. तो पाण्याच्या टाकीचा कॉक दुरुस्त करत होता.

"मुज्तबा, खरं सांग. विकायची होती का तुला पत्रं?"

तो पाना खाली ठेवून उभा राहिला. "होती. खोटं कामून बोलू? प्रोफेसरांच्या विद्यापीठानं घेतली असती तर वर अजून एक मजला झाला असता. पण अम्मी मजल्याचं नाव काढलं की थरथर कापायला लागती. म्हणती, माणसांच्या डोक्यावर अजून किती वजन ठेवशील." तो थांबला. "आणि खरं म्हणजे मला ती पत्रं आवडत नव्हती."

"कामून?"

"सोळा वर्षं झाली. रोज संध्याकाळची मगरीबची नमाज झाली की अब्बा पत्र काढतात आणि अम्मीला वाचून दाखवतात. इंग्रजीतून आपल्या भाषेत करून. ग्रहणापासून तेवढं बंद होतं, प्रोफेसर येईपर्यंत बस्ता बांधूनच ठेवू म्हणाले. मी बारावीत पहिल्या वर्गात पास झालो त्या दिवशी अम्मीनं आधी विचारलं, एमली पास झाली का? घरात माझ्यापेक्षा मोठं लेकरू तेच. कधी मेलेली गोरी पोरगी!"

"तू वाचून बघितली पत्रं?"

"किड्यामुंग्यांसारखं अक्षर. एक ओळ लागत न्हाई. आणि अब्बा हात लावू देत नव्हते."

"ग्रहणाच्या दिवशी अब्बा पिशवीत काय घेऊन गेले?"

"कुराणाची फाटकी पानं. जुने सिपारे. असला कागद रद्दीत टाकत न्हाईत ना, मशिदीत एक पेटी आहे, तिथं टाकतात. पोतं भरलं की नांदेडला गोदावरीत थंडे करायला, म्हणजे पाण्यात सोडायला, जातं."

५

संध्याकाळच्या आधी सुलतानबीनं गुणाबाईला पत्र्याच्या खोलीत बसवून चहा दिला. रिकामी पेटी उघडीच होती. खुंटीवर मास्तरांचा कोट, कोनाड्यात हिरव्या कापडात गुंडाळलेलं काही.

"भाभी, एमली कोण?" गुणाबाईनं विचारलं.

सुलतानबीचा चेहरा उजळला. "साहेबाची लेक. पहिल्या पत्रात नऊ वर्षांची होती. लई हट्टी. दूध प्यायची न्हाई. मंग साहेब मुन्शीजींना लिहायचा, आज प्याली, आज न्हाई प्याली. दरसाल मोठी होत गेली. न्हाण आलं तेव्हा आई तिला जवळ घेऊन निजली. मॅट्रिक झाली. मास्तरीण झाली. लगीन झालं. आत्ता गेल्या रमजानात तिला पोरगी झाली." तिनं डोळे पुसले. "आपली सदफ असती तर तेवढीच असती."

"लाडाची असंल बापाच्या."

"लई! उन्हाळ्यात बाप-लेक माळवदावर झोपायचे. गार वारा सुटला की बाप तिला तारे दाखवायचा. ती मधीच झोपून जायची, मंग तो तिला उचलून खाली आणायचा." सुलतानबी बशीतला चहा निवू देत बोलत होती. "प्रोफेसरांना मी विचारणार होते, तिची कबर कुठं हाय. तिच्या नातवंडांतलं कुणी असंल का. मी एक ओढणी भरली हाय त्यांच्यासाठी. विलायतेला पाठवता येती का बगा म्हणणार होते. पण त्या दिवशी बस्ता उघडला आणि सगळाच गोंधळ झाला. पत्रं सापडली तर येत्या आठवड्यात परत येणारेत ते."

गुणाबाईनं कप खाली ठेवला.

माळवद. लाकडावर माती टाकून केलेलं सपाट जाड छप्पर. उन्हाळ्यात साऱ्या मराठवाड्यानं ज्याच्यावर अंथरूण टाकलं, आणि त्या पहाटे जे साऱ्या गावांच्या छातीवर बसलं. विलायतेतली घरं गुणाबाईनं बिस्किटांच्या डब्यांवर पाहिली होती. उतरती छपरं आणि त्यावर बर्फ. तिथं कोण बाप लेकीला घेऊन छपरावर झोपला असेल?

तिनं विषय बदलला. "भाभी, कोनाड्यात काय हाय ते हिरव्या कापडात?"

"जुने सिपारे. फाटलेत. थंडे करायचे म्हणून मास्तरांनी ग्रहणाच्या दिवशी काढून ठेवले होते, पण न्यायचे इसरले वाटतं."

गुणाबाईनं उठून ते कापड बाहेरून नुसतं पाहिलं. हात लावायची गरज नव्हती. सिपारे घरातच होते. मग मास्तरांचा खांदा कशानं वाकला होता?

६

प्रोफेसरांचा फोन नंबर मुज्तबाकडं होता. गुणाबाईनं गल्लीच्या कोपऱ्यावर, उसाच्या रसाच्या गाडीमागं उभं राहून फोन लावला.

"साहेब, मी लातूरच्या मास्तरांच्या घरची. एकच विचारायचंय. तुम्ही विलायतेत थॉर्नबी साहेबाचे सगळे कागद वाचले?"

"जेवढे आहेत तेवढे," प्रोफेसर म्हणाले. मराठी शुद्ध होतं, जरा हैदराबादी वळणाचं. "शास्त्रज्ञांना लिहिलेली पत्रं, आणि घरची. घरची म्हणजे बहिणीला लिहिलेली. दोघं एकत्रच राहायचे. साहेब बाहेरगावी गेला की बहिणीला रोज लिहायचा. जेवण काय मिळालं, मांजराला दूध दिलं का, असलं."

"आणि लेकीला?"

"कुणाच्या?"

"साहेबाच्या. एमली."

प्रोफेसर थोडे हसले. "बाई, थॉर्नबीनं लग्नच केलं नाही. त्याला मूलबाळ नव्हतं."

रसवाल्यानं यंत्र फिरवलं, घुंगरू वाजले. गुणाबाईनं आभार मानून फोन ठेवला. सोळा वर्षं त्या पत्र्याच्या खोलीत जी पोरगी दरसाल एक वर्षानं वाढत होती, ती जगात कधी जन्मलीच नव्हती.

७

मास्तर मशिदीतून बाहेर पडले तेव्हा गुणाबाई समोरच्या शाळेच्या ओट्यावर बसली होती. मास्तर तिथंच शिकवायचे. त्यांनी तिला पाहिलं आणि काही न विचारता शेजारी येऊन बसले.

"मास्तर, मी बोलते. चुकलं तर थांबवा." गुणाबाईनं पदर सावरला. "पत्रांतली एमली तुम्ही केली. साहेबाला लेकरू नव्हतं. प्रोफेसरांना ते ठाऊक हाय. ते पत्रं वाचत बसले असते, भाभीनं ओढणी पुढं केली असती, आणि ते म्हणाले असते, कसली लेक? ते होऊ नये म्हणून बस्ता नाहीसा व्हायला पायजे होता. बस्ताच नसला तर प्रोफेसर परत कशाला येतील? ग्रहणाच्या दिवशी भाभी शेजारी गेली, ऋतुजा वर होती. तुम्ही जिन्याखालची रद्दी फडक्यात बांधली आणि पत्रं पिशवीत घातली. रद्दी कुणाची हे बघितलं न्हाई. सिपारे घेऊन चाललोय असं घरी सांगितलंत, पण सिपारे कोनाड्यातच राहिले. रामलिंगनं तुम्हाला ओझ्यानं वाकून जाताना बघितलं. पोलीस नको म्हणणारेही तुम्हीच."

मास्तरांनी चष्मा काढला.

"पत्रं कुठं हायेत?"

"मशिदीच्या पेटीत टाकली. पोतं सोमवारी नांदेडला गेलं." ते फार हळू बोलत होते. "मुन्शीजींच्या प्रत्येक पत्रावर वरती बिस्मिल्ला लिहिलेलं होतं. म्हटलं, जाळण्यापेक्षा गोदावरी बरी. जाळायला हात धजला नाही."

गोदावरी गुणाबाईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. आपण पाळण्याला फुगे बांधत होतो त्याच दिवसांत कधीतरी ते कागद तिथल्या पाण्यात विरले असतील, असं तिच्या मनात आलं.

"सुरू कसं झालं हे?"

"अंगणात ताडपत्रीखाली होतो आम्ही. ती घास तोंडात घेत नव्हती. पाणीसुद्धा नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून साहेबाचं पत्र काढून बसलो होतो. शुक्राच्या वेधाचे आकडे होते. तिनं विचारलं, काय लिहिलंय? माझ्या तोंडून निघून गेलं, याला पण एक लेक होती, नऊ वर्षांची. ती म्हणाली, होती का हाय?" मास्तरांनी चष्मा सदऱ्याला पुसला. "मी म्हटलं, हाय. तेव्हा तिनं भाकरीचा तुकडा मोडला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पुढं? गुणाबाई, मी विज्ञान शिकवलं आयुष्यभर. खोटं एक वाक्य फळ्यावर लिहिलं नाही. आणि घरी रोज आकड्यांच्या पानावर बोट ठेवून लेकीला मोठं करत राहिलो. मलाही सवय झाली. दिवसभर मी विचार करायचो, आज ती काय करील."

शाळेच्या मैदानात कुणी नव्हतं. झेंड्याचा खांब तेवढा उभा होता.

"ऋतुजाला माहीत हाय," गुणाबाई म्हणाली.

मास्तर दचकले.

"ती अक्षर लावायला शिकली होती. तुम्ही वाचताना तिनं पान बघितलं असणार. बस्ता कुणी घेतला आणि कामून घेतला, तिनं नाव निघालं त्याच दिवशी ओळखलं. म्हणून बोलत न्हाई. भाभीला कळू नये म्हणून उद्या बापाच्या गाडीत बसून मुरुडला लगीन करायला तयार हाय ती."

"मला वाटलं होतं, आरोप टिकणार नाही. पुरावा काय आहे?"

"पोरीवर आरोप टिकायला पुरावा लागत न्हाई मास्तर. गाडीत सामान चढलं की झालं." गुणाबाई उठली. "मी कुणाला सांगणार न्हाई. बोलायचं असंल तर तुम्ही बोला. सकाळपर्यंत वेळ हाय तुम्हाला."

८

सकाळी आप्पासाहेबांची जीप फाटकाशी लागली. धोतर, पांढरी टोपी, उंचेपुरे. ते आत आलेच नाहीत. फाटकातूनच म्हणाले, "ऋतुजा, चल."

ऋतुजा पेटी घेऊन उतरली. मुज्तबा बाजूला झाला. सुलतानबी दारात बसून होती. तिनं पोरीकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आप्पासाहेब," मास्तर म्हणाले, "दोन मिनिटं आत या."

"काय राहिलं आता मास्तर? खानदानाची लाज गेली. झडती घ्यायची का सामानाची?"

"पत्रं मी घेतली."

ऋतुजाच म्हणाली, "सर, नका ना."

"गप बस बेटा." मास्तर बायकोकडं वळले. त्यांनी उभ्यानं, वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. शुक्राचे आकडे, पहिला दिवस, भाकरीचा तुकडा, पिशवी, पोतं. एकही गोष्ट वगळली नाही. मुज्तबा भिंतीला टेकून खाली बसला.

सुलतानबीनं विचारलं, "तिला दूध आवडत नव्हतं, ते?"

"सदफला आवडत नव्हतं."

"मास्तरीण झाली ते?"

"मीच केलं."

"आणि लगीन? पोरगी झाली ते?"

"मीच."

"प्रोफेसरांना काही विचारू नको म्हणाला असतात मला, तर मी गप बसले असते," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. असा आवाज मुज्तबानं आयुष्यात ऐकला नव्हता. "सोळा वर्षं एका पोरीत जीव घालत बसलात! आणि ही एक जिती पोर तुमच्यासमोर चोर ठरत होती, तर तोंड शिवून बसलात? मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिला चहा दिला न्हाई. माझ्या हातून हे करून घेतलंत तुम्ही!"

मास्तर मान खाली घालून उभे राहिले.

सुलतानबी गुडघ्यावर हात टेकून उठली. जिन्याशी जाऊन तिनं ऋतुजाच्या हातातली पेटी घेतली. पेटी जड होती, तिला पेलेना. मुज्तबा पुढं झाला तर तिनं त्याला दटावलं, "तू हो बाजूला. फोन करायला लई घाई होती ना तुला?" मग पेटी तिथंच पायरीवर ठेवून ती फाटकाकडं वळली.

"आप्पासाहेब, माफी मागते. तुमची पोरगी इथंच राहील."

"मुरुडच्या लोकांना काय सांगू?" आप्पासाहेब गोंधळून म्हणाले.

"सांगा, शिकून राहिली. आणि आत या. भाईर उभ्या माणसाला मी चहा देत न्हाई."

आप्पासाहेब आत आले. चहा झाला. ऋतुजा वर जाऊन पुस्तक उघडून बसली, आणि गुणाबाईनं पाहिलं, बराच वेळ तिनं पान उलटलं नाही.

जीप गेल्यावर सुलतानबी पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. मास्तर लांब खाटेवर. दोघांत अंगणभर ऊन पडलं होतं.

"मुज्तबा," ती म्हणाली, "मौलवीसाहेबांना बोलावून आण. आणि साखर आण. तुझ्या बहिणीच्या नावानं फातेहा द्यायचा राहिलाय. मी कधी देऊ दिला न्हाई."

"अम्मी, आज?"

"आज. माझी लेक मेली हाय." तिनं मास्तरांकडं पाहिलं. "तुम्ही पण इकडं येऊन बसा. लांब कशाला बसलाव?"

मास्तर उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. दुपारी मौलवी आले. गुणाबाई संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला परतली.

प्रोफेसरांना मास्तरांनी स्वतः पत्र लिहून खरं काय ते कळवलं. ऋतुजाला त्या वर्षीही डॉक्टरकीला जागा मिळाली नाही. ती नांदेडला नर्सिंगला गेली आणि आता तिथंच नोकरीला आहे. निजामोद्दीन मास्तर दोन हजार तेराच्या पावसाळ्यात वारले. सुलतानबी दोन हजार अठराच्या मे महिन्यात, त्याच पत्र्याच्या खोलीत. त्यांची मुलगी सदफ, वय नऊ, किल्लारीजवळच्या गावात, आजोळच्या घरात झोपलेली असताना, तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णवच्या पहाटे भूकंपात मेली.